वर जायचं का?

दसऱ्याच्या दोन दिवस आधी जिवनबाईचं सगळं घर ट्रकमध्ये बसून नागपूरला निघालं, तेव्हा तातेराव गुरुजी दारात उभे राहून हात हलवत राहिले. ट्रक वळणाआड गेला तरी त्यांचा हात वरच होता. समोरच्या ओट्यावर दात घासत बसलेल्या उकंडरावांनी ते पाहिलं. मग गुरुजींनी घाईघाईनं त्याच हातानं टोपी नीट केली.

जिवनबाई ही त्यांची धाकटी बहीण. दीक्षाभूमीला तुमीबी चला, दादा, म्हणून तिनं चार वेळा म्हणून पाहिलं होतं. गुरुजींना जायचं नव्हतं असं नाही. पण एवढ्या माणसांत आपण कुठं उभं राहायचं, कुणाला धक्का लागला तर काय म्हणायचं, या विचारानंच ते मागं सरत. "मी घर राखतो," ते म्हणाले. राखण्यासारखं घरात फारसं काही नव्हतं. जिवनबाईनं ओळखलं आणि जास्त ओढलं नाही. शेजारच्या सोजराबाईला तिनं सांगून ठेवलं, "दादाला संध्याकाळची भाकर देत जा, बाई. उपाशी राहील पण मागणार न्हाई."

गुरुजी आखाडा बाळापूरच्या शाळेत भूगोल शिकवत. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. बायको जाऊन त्याहून पुष्कळ. मूलबाळ नव्हतं. सुट्टी म्हणजे बहिणीकडं हिंगोलीला यायचं, ही सवय नोकरीतली होती. आता रोजच सुट्टी असली तरी ते दिवाळी आणि दसरा धरूनच येत, म्हणजे यायला काही कारण आहे असं वाटे. सोबत कापडी पिशवीत पुस्तकं असत.

त्या वर्षी दसऱ्याच्या प्रदर्शनीत नवलाची गोष्ट आली होती. बहात्तरचा दुष्काळ मागं पडून पीकपाणी जरा बरं झालं होतं, लोकांच्या खिशात थोडं खुळखुळत होतं. त्याचा वास लागल्यासारख्या दोन कंपन्या मैदानात उतरल्या होत्या. दोघींकडंही माणूस बसून वर जाईल असा गरम हवेचा फुगा होता. दोरानं बांधलेला, पण चांगला देवळाच्या शिखराहून उंच जाणारा. रस्त्याच्या या बाजूला एक, त्या बाजूला एक, आणि दोघींचे कर्णे एकमेकांच्या अंगावर ओरडत.

गुरुजींनी पहिल्या संध्याकाळी तो फुगा दुरून पाहिला आणि त्यांचं पुस्तकातलं लक्ष उडालं.

त्यालाही कारण होतं. इतकी वर्षं त्यांनी फळ्यावर परभणी जिल्हा काढला होता. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. निळ्या खडूनं कयाधू काढायची, पांढऱ्यानं रेल्वेचा रूळ. वर्गाकडं पाठ करून ते म्हणत, "आपण आता आभाळातून बघतोय, असं समजा." पोरं समजत की नाही कोण जाणे. गुरुजी मात्र समजत. आता एकदा खरंच आभाळातून बघायला मिळणार होतं. आणि मनात आणखी एक होतं, जे त्यांनी स्वतःशीसुद्धा हळूच म्हटलं. वर गेल्यावर "ती बघा, कयाधू" असं म्हणायला शेजारी कोणीतरी हवं.

दुसऱ्या दिवशी ते आधी हैदराबादच्या कंपनीकडं गेले. त्यांचा फुगा नवाकोरा होता, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा. खाली गॅसची शेगडी भसाभस पेटायची आणि दोर ओढायला ट्रॅक्टर होता. तिकिटाच्या टेबलाशी पान खाल्लेला एक हसरा माणूस बसला होता.

"आइए साब. कितने लोगां?"

"एकच," गुरुजी म्हणाले.

"अकेले कू नक्को, साब. टोकरी एक बाजू कू झुकती. जोडी लाओ. बेगम कू लाओ, भाई कू लाओ, कोई बी चलता."

गुरुजींनी इकडं तिकडं पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "दुसरं कोणी एकटं आलं तर त्यांच्याबरोबर बसवा मला."

"कोई अकेला आताच नई, साब," तो माणूस मनापासून म्हणाला. "तीन दिन में आप पहले."

गुरुजी वळले. पाठीमागं एक नवरा-बायको, दोन मेहुणे, हातात हात घातलेले कॉलेजचे दोन दोस्त अशी रांग होती. सगळे जोडीनं. त्यांना वाट करून देताना गुरुजी उगीचच "माफ करा, माफ करा" म्हणत बाहेर पडले.

रस्ता ओलांडेपर्यंत त्यांना दुसऱ्या फुगेवाल्यानं गाठलं. हा अमरसिंग. औंढ्याकडच्या तांड्यावरचा, कमरेला गमछा, आवाज असा की कर्णा नसता तरी चाललं असतं.

"गुरुजी, तिकडं काय जाता? इकडं या! आमच्याकडं एकट्याची सोय हाय!"

'एकट्याची' हा शब्द मैदानभर गेला असं गुरुजींना वाटलं.

अमरसिंगचा फुगा जुना होता. ठिकठिकाणी ठिगळं, धुरानं काळवंडलेला. खड्ड्यात तुराट्या पेटवून, मातीच्या धुराड्यातून त्यात गरम हवा भरत. टोपलीत समोरासमोर दोन पाट होते. एका पाटाशी दोरीनं बांधलेलं एक फुगीर पोतं होतं.

"हळदीचं पोतं," अमरसिंग त्याच्यावर थाप मारून म्हणाला. "एका बाजूला तुमी, एका बाजूला हे. बराबर वजन. पोतं भीत न्हाई, ओकत न्हाई, उतरू उतरू करत न्हाई."

"बोलत बी न्हाई, हे सांग की," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

तो जळबा होता. वाळलेल्या काठीसारखा म्हातारा, हातात दोन बैलांचा कासरा. अमरसिंगकडं ट्रॅक्टर नव्हता, म्हणून दोर ओढायला मोटेचे बैल होते. फुग्याचा दोर जमिनीत पुरलेल्या चाकाखालून घेऊन बैलांच्या जुवाला बांधला होता. बैल मागं मागं चालले की फुगा वर जाई. पुढं चालले की तो खाली येई.

"मागं चालणारे बैल आता कोणाला पायजेत?" जळबा म्हणाला. "विहिरीवर इजेचं इंजिन बसलं. बैलं अन् मी, तिघंबी रिकामे. मंग म्हनलं, चला, पाण्याच्या जागी माणसं ओढू." मग गुरुजींकडं निरखून पाहत त्यानं विचारलं, "कोणतं गाव?"

"आखाडा बाळापूर."

"मंग काय सांगायची गरज न्हाई, तिकडं विहिरीविहिरीवर मोट. वर काही तकलीफ वाटली तर आवाज द्या. मोटंवर देतात तसा."

गुरुजींनी मान डोलावली. मोटेवर आवाज कसा देतात हे त्यांना माहीत नव्हतं. बाळापुरात जन्म घालवला, पण तो शाळेत आणि पुस्तकांत. इतक्या वयाच्या माणसानं असलं काही विचारावं, याची त्यांना लाज वाटली.

"उद्या येतो," ते म्हणाले.

"प्रदर्शनी परवा उठून राहिली, गुरुजी!" अमरसिंग मागून ओरडला. "मंग पोतंबी मिळायचं न्हाई!"

घरी येऊन ते अंधारल्या ओट्यावर बसले. पोतं की जोडी, एवढाच प्रश्न होता. पोत्यासाठी कोणाला विचारावं लागत नव्हतं. जोडीसाठी विचारावं लागणार होतं. आणि विचारायला या गल्लीत कोण होतं? उकंडरावांना चक्कर येई. बाकीचे नागपूरला. उरली सोजराबाई.

ती त्याच वेळी ताटली घेऊन आली. ज्वारीची भाकरी, वर ठेचा, वाटीत वरण. तिनं ताटली ओट्यावर ठेवली आणि कालसारखीच एक गुडघा उभा करून थोडं अंतर सोडून बसली, जेवण होईपर्यंत. जिवनबाईनं सांगितलं होतं ना, म्हणून.

सोजराबाई मोंढ्याच्या बाजारात हळद निवडायला जाई. नवरा कधीच वारला होता. तिच्या हातांना बारा महिने हळदीचा रंग असे, नखांच्या कडांना तर कायमचा. गल्लीतल्या बायांना तिला टोचायचं असलं की त्या म्हणत, नवरा जाऊन इतकी वर्षं झाली तरी हिच्या हातची हळद उतरत न्हाई. त्यावर ती म्हणे, मोंढा बंद करा, उतरंल.

"वरण खारट झालं का, गुरुजी?"

"नाही, नाही. चांगलंय."

"झालंय खारट. तुमी खोटं बोलायलेत. कालबी चांगलंय म्हनले, अन् काल तर मीठच नव्हतं."

गुरुजी हसले. तिच्यासमोर त्यांना हसू येई, हे त्यांच्या कालच लक्षात आलं होतं. विचारावं, आत्ताच विचारावं, असं त्यांना वाटलं. त्यांनी मनात वाक्य जुळवायला घेतलं.

'प्रदर्शनीतल्या फुग्यात बसून वर जाण्याची आपली इच्छा आहे काय?' हे फारच शाळा तपासणीसारखं झालं. 'माझ्याबरोबर फुग्यात बसून वर जायचं का?' यातलं 'माझ्याबरोबर' नको. एका विधवा बाईला ते कसं वाटेल? काढून टाकलं. 'फुग्यात बसून' हेही नको. साठीच्या माणसानं फुगा फुगा करणं बरं नाही दिसत. तेही काढलं. मुलांच्या वहीतली वाक्यं ते अशीच तपासत. नको ते शब्द खोडायचे, मग जे उरेल ते शुद्ध.

भाकरीचा शेवटचा तुकडा गिळून, नजर ताटलीत ठेवून त्यांनी उरलेलं वाक्य म्हटलं.

"सोजराबाई, वर जायचं का?"

तिनं वाटी उचलायला नेलेला हात मागं घेतला. मग सावकाश म्हणाली, "कोणाला?"

"तुम्हाला. म्हणजे... तयारी असली तर."

"अहो गुरुजी," सोजराबाई म्हणाली, "मला काहून वर धाडून राहिले? काय बिघडवलं मी तुमचं? मीठ जास्त पडलं म्हणून?"

आणि ती हसत सुटली. पदर तोंडाशी धरून, पुढं वाकून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. गुरुजींच्या लक्षात आलं, आपण तिला मरायचं का म्हणून विचारलं. आत्ता एवढंच म्हणायचं होतं, 'तसं नव्हे, त्या फुग्यातून.' दोन शब्दांचं काम. पण ती हसतेय, समोरच्या ओट्यावर उकंडराव कान टवकारून बसलेत, आणि आता फुग्याचं नाव काढलं तर हसण्यात आणखी भर. ते म्हणाले, "नाही, मी आपलं... सहज. माडीवर हवा असते."

"कोणाच्या माडीवर? आपल्या गल्लीत माडी हाय कुठं?" ती पुन्हा हसली आणि ताटली उचलून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उकंडराव ओट्यावरूनच म्हणाले, "काय गुरुजी, सोजराबाईला वर पाठवायलेत म्हणे. आमचा नंबर कधी?"

"चुकून बोललो," गुरुजी म्हणाले.

"अहो, 'वर' म्हंजी नवरदेव बी होतो! तुमी शिकलेले माणसं, कोणत्या अर्थानं बोलले आमाला काय कळावं?"

नळावरच्या दोघी बायका खुदकन हसल्या. गुरुजी आत गेले आणि दार लोटून घेतलं. पुस्तक उघडलं. दुपारपर्यंत एकच पान समोर होतं. मग त्यांनी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि मागच्या बोळानं मैदानाकडं निघाले. हैदराबादवाल्यांच्या टेबलाकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"आले का, गुरुजी!" अमरसिंग म्हणाला. "ए, पोतं घट्ट बांधा रे. गुरुजींची जोडी हाय ती."

गुरुजी पाटावर बसले. समोर पोतं. कोणीतरी टोपली सोडली, जळबानं जिभेनं चक् केलं आणि बैल मागं सरू लागले.

जमीन आधी हळूच सुटली, मग भराभर. कर्णे, पिपाण्या, पाळण्यांची करकर हे सगळं पायाखाली राहिलं. धुराचा वास राहिला आणि कापडाची सळसळ. गुरुजींनी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि मान वळवली.

कयाधू दिसली. फळ्यावर ते तिला दोन वळणं देत. खऱ्या नदीला किती वळणं होती! जागोजागी ती झाडांत शिरे आणि भलत्याच ठिकाणी निघे. पाणी निळं नव्हतं, मातकट होतं, आणि मध्येच उन्हानं चमके. पलीकडं रूळ, त्यावर खेळण्यातल्यासारखी छोटी गाडी धूर सोडत उभी. मोंढ्याची पत्र्याची छपरं.

"ती बघा," गुरुजी म्हणाले, "कयाधू."

समोर पोतं होतं. वाऱ्यानं त्याच्या तोंडाची सुतळी हलत होती. शिवणीतून थोडी हळद सांडून पाटावर पिवळी रेघ उमटली होती. एवढं सगळं डोळ्यांत मावेना, आणि ते ठेवायला दुसरी जागाच नव्हती.

मग त्यांना मैदानामागची गल्ली दिसली. जिवनबाईचं कौलारू घर, दाराला कुलूप. ओट्यावर फडकं टाकलेलं काहीतरी कडेनं चकाकत होतं. ताटली. आणि ताटलीपासून थोडं अंतर सोडून, एक गुडघा उभा करून, कोणी बसलं होतं.

आज ती इतक्या लवकर कशी आली? याआधी दोन्ही वेळा दिवस मावळल्यावर आली होती. कुलूप पाहून परत गेली नव्हती. बसली होती. वाट पाहत होती. सबंध हिंगोलीत आत्ता या घडीला कोणीतरी आपली वाट पाहतंय, हे गुरुजींना वरून स्पष्ट दिसलं, आणि त्यांचा जीव कासावीस झाला. ती उठून जाईल. आपण पोचायच्या आत उठून जाईल.

ते टोपलीबाहेर वाकले आणि आयुष्यात वर्गाबाहेर कधी काढला नव्हता असा आवाज काढला. "खाली! जळबा, खाली!"

जळबानं ऐकलं. मोटेवर 'खाली' म्हटलं की मोट विहिरीत सोडायची, म्हणजे बैल मागं घ्यायचे. त्याचा सगळा जन्म त्या शब्दावर गेला होता. त्यानं बैल आणखी मागं घेतले. फुगा आणखी वर गेला.

"खाली! अहो, खाली!"

बैल आणखी मागं. फुगा आणखी वर. दर हाकेसरशी गल्ली लहान होत होती, घर लहान होत होतं, ओट्यावरचं माणूस लहान लहान होत एवढंसं झालं, ताटलीची चकाकी तेवढी राहिली. गुरुजी रडकुंडीला आले.

खालून अमरसिंगचा आवाज आला. दोन्ही हात तोंडाशी धरून तो बोंबलत होता. "गुरुजी! वर म्हणा, वर! मोट वर घेतात तसं! वर म्हणल्याबिगर म्हातारा खाली आणत न्हाई!"

क्षणभर गुरुजींना तो शब्द तोंडातून काढवेना. कालपासून तो नकोसा झाला होता. मग त्यांनी डोळे मिटले आणि ओरडले, "वर! वर! वर!"

मैदानातली माणसं पोट धरून हसली. आभाळात टांगलेला म्हातारा अजून वर न्या म्हणून ओरडत होता आणि खाली येत होता.

टोपली टेकताच ते उतरले. जळबा काही म्हणत होता, "बाळापूरचे म्हनले म्हणून मी सांगितलं न्हाई," पण गुरुजी थांबले नाहीत. टोपी हातात घेऊन, गर्दीतून, माफ करा न म्हणता ते गल्लीत आले.

सोजराबाई उठून पदर झटकत होती.

"कुठं गेले होते? भाकर गार झाली." मग त्यांच्या चेहऱ्याकडं, सदऱ्यावरच्या काजळीकडं पाहून म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही," गुरुजी धापा टाकत म्हणाले. "तुम्ही आज लवकर?"

"मोंढ्यातून लवकर सुटले." ती म्हणाली. "अन् काल मी लई हसले. गल्लीनं तुमाला सकाळून बोल लावले, ते नळावर कळलं. मनाला लावून घेऊ नका म्हणावं, म्हणून आले." मग तिनं मैदानाकडं मान केली. "ते कोण बोंबलून राहिलं होतं मघा आभाळात? वर वर म्हणून?"

गुरुजींनी खिशातून किल्ली काढली, पुन्हा खिशात ठेवली. "मी."

सोजराबाईनं त्यांच्याकडं पाहिलं, मग घरांच्या वर दिसणाऱ्या त्या काळ्या ठिगळांच्या फुग्याकडं पाहिलं. त्याची हवा सोडायला घेतली होती. तो एका अंगाला लवंडत होता. तिच्या तोंडावर आधी हसू आलं, आणि मग हळूहळू उतरलं.

"काल ते... त्याच्यात वर जायचं म्हनत होते?"

"हो."

"मंग फुगा म्हणायला काय झालं होतं, गुरुजी?"

गुरुजींनी हातातली टोपी डोक्यावर ठेवली.

"आता?" तिनं विचारलं.

"आता नाही. आज शेवटचा दिवस होता."

घरांच्या वरचा फुगा दिसेनासा झाला. सोजराबाईनं तिकडची नजर काढली. "मी आले असते का न्हाई, मला बी माहीत न्हाई," ती म्हणाली. "लोक काय म्हनले असते, तेबी हाय. पण विचारलेलं कळलं तर पाह्यजे होतं ना?"

तिनं वाकून ताटलीवरचं फडकं नीट केलं. "खाऊन घ्या. आज मीठ बराबर हाय." आणि जाता जाता आपल्या दारातून वळून म्हणाली, "काय दिसलं वरून?"

गुरुजींच्या डोळ्यांसमोर तो ओटा आला, ती चकाकी आणि शेजारचं एवढंसं माणूस. शब्द तयार होते. ते त्यांनी तपासायला घेतले.

"कयाधू," ते म्हणाले.

"असंल," सोजराबाई म्हणाली आणि आत गेली. कडी वाजली.

गुरुजी ओट्यावर बसले. मैदानातले कर्णे बंद झाले होते. सामान भरल्याचे आवाज येत होते. उद्या जिवनबाईचा ट्रक येईल, घर भरेल, मग भाकरी घरातच होईल. त्यांनी ताटलीवरचं फडकं काढलं. फडक्याच्या कडेला पिवळी बोटं उमटली होती.

"तुम्ही दिसल्या," ते बंद दाराकडं पाहून अगदी हळू म्हणाले. "हळकुंडाएवढ्या."

समोरच्या ओट्यावरून उकंडराव म्हणाले, "काय म्हनले, गुरुजी?"

"काही नाही," गुरुजी म्हणाले, आणि भाकरी मोडली.